इंजिनाची कुंची

गाडीला कुंची घालणारा माणूस म्हणून आमच्या भागात माझं नाव आहे. नाव म्हणजे, लोक हसत हसत घेतात तसलं. "येरमाळ्याच्या चौकातून थोडं पुढं या, तिथं एक जण गाडीला तान्ह्या बाळासारखी कुंची घालून न्हाऊ घालतो, त्याच्या समोर थांबा," असा पत्ता टायरवाला सांगतो, ढाबेवाला सांगतो आणि माझा सख्खा मेव्हणाही सांगतो. माझ्या वॉशिंग सेंटरचं खरं नाव मी बोर्डावर मोठ्या हौसेनं रंगवून घेतलंय, शेजारी निळी मोटार आणि पाण्याचे तीन थेंब. ते नाव अजून कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

हसू द्या. हसणाऱ्याची गाडीसुद्धा माझ्याकडं कुंची घालूनच धुतली जाते.

खरं तर मला पोलीस व्हायचं होतं. धावण्यात पास झालो, उंचीत पास झालो. छातीच्या वेळी टेप धरणारा हवालदार म्हणाला, "फुगव की!" मी म्हणालो, "फुगवलीय, साहेब." तिथून जो परत आलो तो थेट गाडी धुण्याच्या रॅम्पवर. ज्याला स्वतःची छाती फुगवता आली नाही, त्याच्या नशिबी दुसऱ्यांच्या गाड्यांचा श्वास सांभाळणं आलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी धुणं म्हणजे काय, पाणी मारायचं आणि फडकं फिरवायचं. वरच्या रंगापुरतं ते खरंही आहे. अवघड काम बॉनेटच्या खाली. इंजिन डिझेल पितं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते पंपावर विकत घ्यावं लागतं. इंजिन हवाही खातं हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं, कारण हवा फुकट. कंपनीतून गाडी निघते तेव्हा हवा घ्यायचं तिचं नाक एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाखाली, आडोशाला असतं. जरा पाणी उडालं तरी सहसा आत जात नाही. पण हौशी मालकांना तो डबा आवडत नाही. ते तो काढून टाकतात आणि सोलापूर-पुण्याहून आणलेला उघडा फिल्टर बसवतात. बुटक्या कणसासारखा, घड्याघड्यांचा, तेल लावलेल्या सुती कापडाचा. त्यानं गाडी किती जास्त पळते ते देव जाणे, पण डरकाळी चांगली फोडते. म्हणजे झाकलेलं नाक काढून उघडं नाक लावायचं आणि मग ते माझ्या प्रेशर पंपापुढं आणून उभं करायचं.

त्या नाकातून पाणी आत गेलं तर? हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. आत पिस्टन वर येतो, त्याला वाटतं नेहमीची हवा आहे, आणि वर पाणी भिंतीसारखं उभं. मग पिस्टनला ढकलणारा जो लोखंडी दांडा असतो तो वाकतो. त्याचा आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. मी ऐकलाय.

कळंबचा तुळशीराम माझ्याच वयाचा. कळंब-येरमाळा जीपमध्ये शिटं, म्हणजे प्रवासी, भरायचा. जीप त्याची स्वतःची. तिचा मूळ डबा फुटला म्हणून त्यानं जुन्या बाजारातला उघडा फिल्टर तारेनं आवळून बसवला होता. एकदा नवरात्राच्या आधी इंजिन धुवायला आला. मी नुकताच नवा पंप घेतलेला. नवा पंप आणि नवा जावई, दोघांचा जोर पहिल्या वर्षी जरा जास्तच असतो. तुळशीराम म्हणाला, "गड्या, ह्ये उघडं हाय बघ. झाकायचं का कायतरी?"

"काय होत न्हाय," मी म्हणालो.

तो समोरच्या टपरीवर चहाला गेला. मी काळं ग्रीस निघेपर्यंत पाणी मारलं आणि जीप रॅम्पवरून खाली घ्यायला मीच किल्ली फिरवली. टक्. मोठा आवाज नव्हे. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी, तेवढाच. आणि मग काहीच नाही.

पुढचं लिहायला हात मागं येतोय. बायको म्हणते, ते लिहिणार नसाल तर बाकीचंही लिहू नका. तर लिहितो. तुळशीराम परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "तुझं इंजिन आधीच गेल्यालं व्हतं, तुळशीराम. म्या नुसती किल्ली लावली." तो माझ्याकडं बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. जीप दोर बांधून ओढत नेली. पुढं ती विकली. आता तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. चूक कबूल करायला छाती लागते, आणि माझी टेपात बसली नव्हती हे वर सांगितलंच आहे.

त्यानंतर उघडा फिल्टर दिसला की मी त्यावर कॅरीबॅग चढवून रबर लावायला लागलो. पाप धुवायचं तर निदान कोरडं धुवावं. तर एका गुरुजींच्या गाडीची पिशवी काढायचीच राहिली. गुरुजी येडशीच्या घाटात चढाला लागले आणि इंजिनानं हवेऐवजी पिशवी ओढून धरली. नाक दाबलेल्या माणसासारखी गाडी गुदमरून बसली. नुकसान झालं नाही. तासाभरानं गुरुजी परत आले, चुरगळलेली पिशवी माझ्या हातावर ठेवली आणि पाचवीच्या वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "हे आपलं राहिलं होतं."

हे सगळं सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं मोडक्या छत्रीचं कापड काढलं, आमच्या लेकीची लहानपणची कुंची मापाला घेतली, आतून जुन्या टॉवेलचं अस्तर लावलं आणि गळ्याशी नाडी ओवली. "लेकराला न्हाऊ घालताना टाळू सांभाळत्यात, तसं ह्येचं," म्हणाली. नाडीचं एक टोक तिनं मुद्दाम लांब ठेवलं होतं. मी विचारलं, हे कशाला? "गाडीची किल्ली हितं बांधायची. कुंची निघाल्याबिगर किल्ली सुटायची न्हाय. तुमचा इसरभोळेपणा मला लग्नापास्नं म्हाईत हाय."

तेव्हापासून आमच्याकडं तीन नियम आहेत. उघडा फिल्टर असेल तर कुंची घातल्याशिवाय पाणी नाही. किल्ली कुंचीच्या नाडीला. आणि धुऊन झाल्यावर कुंची उलटी करून आतला टॉवेल गिऱ्हाइकाला दाखवायचा, हात लावून बघ म्हणायचं. बाहेरून ओली, आतून कोरडी. बाकी फ्यूजच्या डब्याला प्लास्टिक बांधतो, पंपाचा जोर कमी करतो, फवारा लांबून आणि तिरका मारतो, पण ते कुणालाही जमेल. कुंची फक्त आमची. वेगवेगळ्या मापांच्या पाच कुंच्या भिंतीवर ओळीनं टांगलेल्या असतात. बघणाऱ्याला वाटतं, मागं अंगणवाडी असेल.

विश्वास न ठेवणारेही भेटले. एक निवृत्त तलाठी कुंचीला मान्यता देईनात. स्वतः छत्री धरून बॉनेटशी उभे राहत. इंजिन कोरडं, तलाठी चिंब. तिसऱ्या खेपेला सर्दी झाल्यावर म्हणाले, "घाला तुमचं ते टोपडं."

आता मुख्य गोष्ट. घरात पाहुणे जमले की मला ही सांगायला लावतात आणि सुमन चहा गाळता गाळता चुका काढते. इथं ती मागं उभी राहून वाचतेय, त्यामुळं वाढवून सांगायची सोय नाही.

खंडेनवमीचा दिवस. हत्यारांची, गाड्यांची पूजा. आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. वर डोंगरावर येडाईच्या देवळाकडं माणसांची रीघ आणि खाली माझ्या दारात ट्रॅक्टर, जीपा, मोटारसायकली झेंडूचे हार घेऊन नंबरात उभ्या. त्यात कळंबच्या एका आडत व्यापाऱ्याचा मुलगा आला, विश्वनाथ. तिशीतला. काळी, उंच चाकांची गाडी. शेजारच्या सीटवर त्याची आई, मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या, वर बेलाची पानं, कमरेला विभूतीचा बटवा. सगळे तिला आव्वा म्हणत.

विश्वनाथनं बॉनेट उघडलं. उघडा फिल्टर होताच, पण थाट वेगळा. काळा, बुटका, माथ्याला गोल, आणि त्याला इंजिनाची धग लागू नये म्हणून खाली चकचकीत पत्र्याचं ताट, एका बाजूला पन्हळीसारखं निघालेलं.

"मामा, बिगीबिगी हाणा पाणी. देवीला जाऊन परत दुकानाची पूजा हाय. ती कुंची-बिंची ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हात न्हाय."

"आवो, माझी गाडी, माझी मर्जी."

"गाडी तुझी. पाणी माझं," मी म्हणालो.

रांगेतले हसले. विश्वनाथ हसला नाही. मी कुंची चढवली, नाडी आवळली, किल्ली बांधली. आव्वा खाली उतरून टाचा वर करून बघत होती.

"लेकराला घालत्यात तशीच की हो ही!"

"व्हय, आव्वा. गाडी हितनंच श्वास घेती."

"म्हंजी जीव हितं हाय म्हणा हिचा."

"जीवच," मी अगदी जाणकाराच्या थाटात म्हणालो.

गाडी धुतली, पुसली. सुमननं कुंची काढली, किल्ली सोडून दिली. विश्वनाथनं ती हिसकावल्यासारखी घेतली आणि डरकाळी फोडत देवळाच्या रस्त्याला लागला. पुढचा ट्रॅक्टर रॅम्पवर चढला.

तासाभरानं तीच काळी गाडी एका जीपमागं दोर बांधून माझ्या दारात आली. विश्वनाथ खाली उतरला तो मोबाईल समोर धरूनच. "बघा, मित्रांनो! येरमाळ्याचे फेमस कुंचीवाले! ह्यांनी धुतली आन् तासात माझी गाडी बंद पडली. इंजनात पाणी. सणासुदीला आईला घिऊन रस्त्यात उभा ऱ्हायलो. कुणी हितं गाडी आणू नका!"

रांगेत चलबिचल झाली. एका ट्रॅक्टरवाल्यानं हार परत पिशवीत ठेवला आणि ट्रॅक्टर वळवला. त्याच्या मागं दोन मोटारसायकली. त्यांना दोष देण्यासारखं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही निघालो असतो.

खोटं कशाला बोलू, मलाही खात्री वाटेना. गडबडीत कुंची उलटी करून दाखवली होती का? मला आठवेना. सुमनकडं बघितलं. तीही आठवत होती. आणि कानात तोच जुना आवाज. टक्.

विश्वनाथ जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, चूक झाली म्हणा हितं फोनमधी. मोकळं व्हा. म्या इशय वाढवत न्हाय."

त्या क्षणी माझं काय झालं, मला नीट सांगता येत नाही. चूक माझी होती तेव्हा मी कबूल केली नव्हती. आता ती माझी आहे की नाही हे बघायच्या आधी कबूल करून मोकळा होऊ? म्हणजे दोन्ही वेळा खोटंच. मी म्हणालो, "फोन बंद करू नको. चालूच ठेव. चाँदभाईला बोलावतो. सगळ्यांम्होरं खोलू दे. आत माझं पाणी निघालं, तर ह्यो बोर्ड म्या माझ्या हातानं उतरवतो, आन् पंपाला हात लावत न्हाय. शेरडं राखीन."

"आन् न्हाय निघालं तर?"

"तर तू ह्याच फोनमधी, ह्याच जागी उभा ऱ्हाऊन बोलायचं."

हे म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमच्याकडं एकही शेळी नाही.

चाँदभाई मिस्त्री पलीकडंच असतो. हात पुसत आला. आमच्या धंद्यातला त्याचा पहिला नियम, तोंडानं नाही, पान्यानं बोलायचं. त्यानं विश्वनाथला एकच विचारलं, "बंद पडने के बाद कितनी बार सेल्फ मारा?"

"दोनदा. मग सोडलं."

"अच्छा किया. तिसरी बार मारते तो रॉड गया था."

त्यानं फिल्टरच्या मागची नळी सोडली. तिच्या बाकातून पाणी गळलं. थोडंथोडकं नाही, पेलाभर. माणसं पुढं सरकली. विश्वनाथनं फोन आणखी जवळ नेला. आणि पाण्याबरोबर काहीतरी पांढरं, राड्यासारखं आलं.

"बघा! चुना! ह्यांच्या बोअरचं पाणी चुन्याचं हाय, सगळ्या येरमाळ्याला म्हाईत हाय!"

सगळ्या येरमाळ्याला खरंच माहीत आहे. येडाईच्या यात्रेत लोक जिथं चुनखडीचे खडे वेचतात तिथलं ते पाणी. वाळलं की काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उठतात. ते पुसण्यात माझी निम्मी हयात गेली. मी बोर्डाकडं बघितलं. तीन थेंबांमधला एक रंग उडून पुसट झाला होता. उतरवायचाच, तर निदान आधी रंगवून तरी घ्यायला हवा होता, असलं काहीतरी डोक्यात आलं.

सुमन पुढं आली. तिनं तो पांढरा राडा बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला.

"ह्यो चुना न्हाय."

"मग काय हाय, काकू?"

"इबूत हाय. वास घे की."

चाँदभाईनं तोवर फिल्टरचा पट्टा सैल केला आणि तो वर उचलला. खाली, चकचकीत ताटात, पन्हळीच्या तोंडाशी एक पान चिकटून बसलं होतं. तीन पात्यांचं, हिरवंगार.

"मामू," चाँदभाई म्हणाला, "इसमें तो बेल का पत्ता है."

मी ताटाकडं बघितलं, चाँदभाईच्या हातातल्या त्या काळ्या, बुटक्या, माथ्याला गोल फिल्टरकडं बघितलं, आणि पुन्हा ताटाकडं. अहो, हुबेहूब! शाळुंका आणि पिंडी. इतकी वर्षं मी उघड्या फिल्टरांना टोपडी घातली, पण हे माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं.

गाडीचं पलीकडचं दार उघडलं. आव्वा सावकाश उतरली. हातात तांब्या होता. रिकामा.

"आसं का बघायलाव सगळी?" ती म्हणाली. "म्या घातलं पाणी."

"आव्वा!" विश्वनाथ ओरडला.

"वरडू नको. देवळापाशी तू गाडी चालूच ठिवली, मैतराला फोनवर तिचा आवाज ऐकवत तिकडं उभा ऱ्हायलास. बॉनट उघडंच. म्या वाकून बघितलं तर पिंड. शाळुंकेत बशिवल्याली. मग काय, तांब्या हातात आसून तशीच जाऊ? तीन बोटं इबूत लावली, पान वाह्यलं, धार धरली. गाडी जरा थरथरली आन् शांत झाली. म्या म्हणलं, तृप्त झाली."

पहिल्यांदा हसला तो चाँदभाई. मग रांगेतले. मी हसलो नाही, कारण आव्वा आता माझ्याकडं बोट करत होती. "आन् ह्येनीच म्हणलं मला, गाडीचा जीव हितंच हाय म्हून."

हे खरं होतं. मी म्हणालो होतो. ते माझ्या अंगावर आहे आणि राहील. जाणकारपणा दाखवताना समोरचा त्याचं काय करणार, याचा विचार मी कधी केलेला नाही, सुमनला विचारा.

विश्वनाथनं फोन खाली घेतला होता. चेहरा उतरलेला. "मामा, झालं ते झालं," म्हणाला. "म्या तो व्हिडिओ काढून टाकतो. मिटवून टाकू."

"न्हाय," मी म्हणालो. "ठरलंय तसं. फोन वर घे."

"आईचं नाव घ्यायला लावता का आता चारचौघांत?"

इथं मी थबकलो. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हाताऱ्या बाईला जगापुढं आणून मला माझा बोर्ड वाचवायचा होता का? पण बोर्डाखाली सुमन उभी होती, तिच्या बोटाला अजून विभूती होती, आणि ट्रॅक्टर वळवून गेलेला माणूस आमचं नाव सोबत घेऊन गेला होता. मला मागं हटायचं नव्हतं आणि पुढंही जाता येईना. तो पेच आव्वानंच सोडवला. तिनं लेकाच्या हातातला फोन धरून स्वतःकडं वळवला.

"माझं काढ की. मला कुणाचं भ्या हाय?" पदर सारखा केला आणि बोलली. "ऐका. पाणी म्या घातलं. ह्या माणसाचा दोष न्हाय. त्येनं कुंची घालून, झाकून धुतलं, म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. आन् म्या देवाला पाणी घातलं, तवा माझाबी दोष न्हाय."

"मग कुणाचा, आव्वा?" मागून कुणीतरी विचारलं.

"फोनवर उभा व्हता त्येचा."

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त फिरला, असं मला लोक सांगतात. चाँदभाईनं नळी वाळवली, आतलं पाणी काढलं, फिल्टर स्वच्छ करून दिला. बऱ्याच वेळानं गाडी सुरू झाली, आधी खोकत, मग नीट. निघताना आव्वा माझ्या भिंतीपाशी थांबली.

"त्यातली एक कुंची मला द्या."

"तुम्हाला कशाला, आव्वा?"

"म्होरच्या नवमीला आधी कुंची घालीन. मग पाणी घालीन."

मी तिला समजावणार होतो, की तो फिल्टर आहे, कापडाचा, सोलापूरच्या दुकानातला. मग सोडून दिलं. तिनं माझा नियम मानला होता. तिचा नियम मी का मोडू? सुमननं मापाची कुंची काढून दिली. पुढच्या खंडेनवमीला आव्वा आली, इंजिन बंद करायला लावलं, कुंची घातली, वरून धार धरली, पान वाहिलं. छत्रीचं कापड आहे, थेंब आत गेला नाही. विश्वनाथ शेजारी हात जोडून उभा. फोन खिशात.

सुमन म्हणते इथं संपवा. पण मला अजून एक जागा गाठायची आहे.

त्या व्हिडिओच्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी कळंबला तुळशीरामाच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत गेलो नव्हतो. दारात उभं राहून सोनं पुढं केलं आणि एका दमात म्हणालो, "तुळशीराम, त्या दिवशी जीपमधलं पाणी माझं व्हतं. म्या झाकलं न्हाय. किल्लीबी म्याच फिरवली."

तो खाटेवरून उठला नाही. "म्हाईत हाय," म्हणाला. "टपरीवर आवाज आला व्हता."

"मग तवा बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हून थांबलो." मग म्हणाला, "लई येळ लावलास गड्या."

त्यानं सोनं घेतलं. माफ केलं, असं काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. चहा आला, तो दोघांनी घेतला. हल्ली तो मालकाचा टेम्पो धुवायला माझ्याकडं आणतो. टेम्पोला कंपनीचाच डबा आहे, झाकणासकट. तरी तो येऊन म्हणतो, "घाल की कुंची." मीही घालतो. नियमात बसत नाही, पण घालतो.

परवा एक जण आला. नवीकोरी गाडी, नवाकोरा उघडा फिल्टर, बॉनेट उघडताच आवाज करून दाखवला. भिंतीवरच्या कुंच्या बघितल्या आणि खो खो हसला. म्हणाला, "मामा, मला घाई हाय. त्या कुंचीशिवाय धुणार का न्हाय, एवढं सांगा."

मी म्हणालो, "म्होरं बार्शी रोडला दुसरं सेंटर हाय, चांगलं धुत्यात."

तो गेला नाही. उभा राहिला, भिंतीकडं बघत. मग खिशातून किल्ली काढून माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला नाही.

"मला नको," म्हणालो. "तिकडं नाडीला बांध."